तीन महिन्यांनी या

डॉ. दीपमाला खैरनार यांनी माझे रजिस्टर शेवटच्या पानापर्यंत पाहिले आणि मिटून माझ्याकडे सरकवले. त्या म्हणाल्या, "तिडके काका, माझ्या सगळ्या पेशंटांनी असं लिहून आणलं ना, तर मला दुपारी जेवायला वेळेवर घरी जाता येईल. बीपी छान, साखर छान. आता दर पंधरा दिवसांनी कशाला चकरा मारायच्या? तीन महिन्यांनी या."

"मधे काही झाले तर?"

"वरचा आकडा सलग तीन दिवस दीडशेच्या पुढे गेला, तर लगेच या. नाहीतर मजा करा."

बाहेर कंपाउंडर झुंबर कागदांवर शिक्के मारत होता. पन्नाशीचा, थट्टेखोर माणूस. माझ्या हातातली चिठ्ठी पाहून तो म्हणाला, "सुटलात काका! इथून लोक एवढ्या लवकर सुटत नाहीत."

मी हसलो. त्या वेळी मला नेमके काय वाटले, ते कळायला घरी पोहोचेपर्यंतचा वेळ लागला.

मी नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षे तपासणी विभागात होतो. धुळ्याला तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि थेट तिथे लागलो. तयार झालेला प्रत्येक नग मोजायचा, माप शीटवर लिहायचे, सही करायची. रक्तदाबाचा विकार मला अकरा वर्षांपासून आहे आणि मधुमेह आठ वर्षांपासून. पत्नी उज्वला होती तोवर गोळ्या ताटाशेजारी वाटीत येत आणि मी त्या गिळत असे. तीन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती, हेही मला ठाऊक नव्हते. मग मी कारखान्यात करत होतो तेच घरी केले. एक जाड रजिस्टर आणले, रकाने आखले: तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी, घेतलेल्या गोळ्या. सकाळी उठल्यावर पाच मिनिटे शांत बसायचे, पाय जमिनीला टेकवायचे, डावा हात टेबलावर ठेवायचा. दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचे आणि सरासरी लिहायची. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही.

दर दुसऱ्या गुरुवारी ते रजिस्टर घेऊन मी सातपूर कॉलनीतल्या दवाखान्यात जात असे. नंबर लागायला तास-दीड तास लागे. बाहेरच्या बाकावर बहुतेक वेळा कुसाबाई असत. गोवर्धन गावात त्यांचा झेंडू आणि शेवंतीचा मळा आहे. बीपी आणि साखर दोन्ही. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटांना मी खुणा करून दिल्या होत्या. सकाळच्या पाकिटाचा एक कोपरा कापायचा, रात्रीच्या पाकिटाचे दोन कोपरे कापायचे.

"साहेब, तुमच्या कात्रीनं माझं आयुष्य वाढीवलं," त्या म्हणत. "पण सून म्हनते, गोळ्या उंदरानं कुरतडल्या काय!"

"सुनेला सांगा, उंदीर डिप्लोमा झालेला आहे."

त्या एवढ्या मोठ्याने हसत की आतून डॉक्टर विचारत, "झुंबर, काय चाललंय बाहेर?"

त्या गुरुवारी घरी आल्यावर माझा घसा बसलेला असे. पंधरा दिवसांत एवढे बोलणे मला होत नसे. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. शेजारचे कुटुंब पाथर्डी फाट्याला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि त्यांचे घर बंद आहे. मुलगा योगेश गुजरातेत साणंदला मोटारीच्या कारखान्यात आहे. तो रविवारी सकाळी साडेदहाला फोन करतो. ते बोलणे असे असते:

"अण्णा, बीपी?"

"एकशे अठ्ठावीस, अठ्ठ्याहत्तर."

"मस्त. साखर?"

"उपाशीपोटी एकशे आठ."

"एकदम मस्त. मग बाकी काही नाही ना?"

"काही नाही."

"ठेवू मग?"

चार मिनिटे. त्याचा दोष नाही. त्याला दोन पाळ्यांचे काम असते, नातीच्या परीक्षा असतात. शिवाय जे विचारायचे ते त्याने विचारलेले असते आणि उत्तर चांगले आलेले असते.

कारखान्यात मी एक गोष्ट पाहिली होती, पण तिचा अर्थ मला आता लागला. मापात बसलेल्या नगाजवळ कोणी थांबत नाही. त्याच्यावर हिरवी चिठ्ठी लागते आणि तो पुढच्या खात्यात जातो. नग मापाबाहेर निघाला, की त्याच्याभोवती फोरमन येतो, डिझाइनवाला येतो, मशीन चालवणारा येतो. चार माणसे तो हातात घेऊन उलटसुलट पाहतात, उजेडात धरतात, त्याच्याबद्दल बोलतात.

तीन महिने. म्हणजे मधले सहा गुरुवार गेले.

पहिले पाच आठवडे मी ते पाळले. सकाळी मोजायचे, लिहायचे, गोळी घ्यायची, फिरून यायचे. रेडिओ लावायचा. डिसेंबर लागला आणि नाशिकची थंडी उतरली. एका बुधवारी मशीनने एकशे तीस आणि ऐंशी दाखवले. मी पेन उचलले आणि एकशे चोपन्न, ब्याण्णव लिहिले.

हे नमूद करायला हवे: आकडे नेहमीसारखेच सरळ उमटले.

त्यानंतर आठ दिवस मी तसेच केले. खोटी शीट भरणारा नवखा माणूस सगळे आकडे सारखे लिहितो, म्हणून सापडतो. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी अशाच एका ऑपरेटरला पकडले होते. तो चहाच्या टपरीवर बसून मापे लिहीत असे. माझ्या अहवालावरून त्याला ताकीदपत्र मिळाले होते. मी ती चूक केली नाही. एके दिवशी एकशे अठ्ठेचाळीस, दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठावन्न, मग एकशे बावन्न. खरा रक्तदाब जसा हलतो, तसेच माझे आकडे हलत होते.

गुरुवारी रजिस्टर घेऊन मी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी स्वतः मोजले. एकशे बेचाळीस, अठ्ठ्याऐंशी आले. माझे हृदय जोराने धडधडत होते. खोट्याला माझ्या शरीराने थोडा हातभार लावला, एवढाच त्याचा अर्थ.

"इथं जरा कमी दिसतंय," त्या म्हणाल्या. मग रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाल्या, "पण दवाखान्यातला एक आकडा मी मानणार नाही. तुमची नऊ दिवसांची नोंद मानते. काका, तुम्ही लिहिलंय म्हणजे ते तसंच असणार."

मी मान खाली घातली. त्यांना ते काळजीचे लक्षण वाटले असावे.

त्यांनी मला वीस मिनिटे दिली. झोप कशी लागते, लघवीला किती वेळा उठता, मीठ किती खाता, छातीत कधी जड वाटते का. लोणच्याची बरणी समोर नको, असे दोनदा बजावले. थंडीत बीपी वाढतेच, पण एकाएकी एवढे का वाढले हे बघायला हवे, असे म्हणून त्यांनी गोळी चाळीसची ऐंशीची केली. दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारची हृदयाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंटही घेऊन दिली. "एकटे जाऊ नका. मुलाला बोलवा."

मी त्याच संध्याकाळी योगेशला फोन केला. बोलणे सव्वीस मिनिटे चालले. त्याची बायकोही बोलली. नात सायली मधेच येऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही घाबरू नका हं, पप्पा येतायत." चौदा महिन्यांनंतर तो पहिल्यांदाच येणार होता.

आता वाचणारा विचारेल की आकडा खोटा होता, तर वाढवलेली गोळी तरी कशाला घ्यायची. पिशवीत पडू द्यायची होती. मीही तो विचार केला. पण गोळ्यांच्या रकान्यात खूण करायची आणि गोळी घ्यायची नाही, हे मला जमेना. आकडा मी बदलला होता. डॉक्टरांचा हुकूम मोडला, तर मग माझ्याजवळ पाळण्यासारखे काहीच उरले नसते. हे तर्काला धरून नाही, हे मला तेव्हाही दिसत होते. तरी रोज सकाळी मी ऐंशीची गोळी पाण्याबरोबर घेतली.

रजिस्टरमध्ये मी दीडशेच्या आसपास लिहीत राहिलो. मशीन मात्र एकशे चौदा, एकशे दहा, एकशे आठ दाखवू लागले. खरे आकडे कुठेच नसावेत हेही मला सहन होईना. एका चिठ्ठीवर मी ते तारखेसह लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवू लागलो. खुर्चीतून उठताना डोळ्यांसमोर अंधारी येई. मी भिंतीला हात लावून उभा राही, ती जाई.

दहा दिवसांनी डॉक्टरांचा व्हॉट्सअॅप आला: रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवा. मी पाठवला. तासाभराने त्यांचा फोन आला.

"काका, अजून खाली येत नाही हे. सकाळी अर्धी पाण्याची गोळी सुरू करू. लघवी जास्त होईल, घाबरू नका. पुढच्या गुरुवारी येऊन दाखवा, शनिवारच्या आधी मला बघायचंय. आणि काका..."

"बोला मॅडम."

"एकटे आहात, तर झुंबरचा नंबर जवळ ठेवा. काही वाटलं तर केव्हाही लावा."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तो हातात धरून बसलो. माझी एवढी विचारपूस उज्वला गेल्यानंतर कोणी केली नव्हती. ती सगळी एका खोट्या पानाच्या फोटोवर उभी होती.

मंगळवारी सकाळी कपडे धुऊन मी मागच्या अंगणात वाळत घालत होतो. वाकून बादलीतून टॉवेल उचलला, सरळ झालो आणि त्यानंतरचे आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी फरशीवर एका कुशीवर पडलेलो होतो. टॉवेल अंगाखाली ओला होता. डोके बादलीच्या काठापासून वीतभर अंतरावर होते. उठायचा प्रयत्न केला की सगळे फिरू लागे, म्हणून मी तसाच पडून राहिलो. ऊन पायांवरून गुडघ्यापर्यंत आले. शेजारच्या बंद घराच्या खिडकीत कबुतरे घुमत होती. हाक मारायची तर कोणाला, हे ठरेना, म्हणून मारली नाही. उठून घड्याळ पाहिले, तर पाऊण तास गेला होता.

मशीन लावले. शहाण्णव, अठ्ठावन्न.

योगेश शुक्रवारी रात्री निघून शनिवारी पहाटे पोहोचणार होता. म्हणजे चार दिवस. मी हिशेब मांडला. पाण्याची गोळी चार दिवस घेतली, तर मी पुन्हा पडणार. घेतली नाही आणि खरे सांगितले, तर तो येणार नाही. तिसरा मार्ग गप्प राहून गोळ्या थांबवण्याचा. मग शनिवारी मोठ्या डॉक्टरांपुढे सगळे ठीक निघाले असते आणि थंडीमुळे झाले असेल म्हणून सगळे सुखाने परतले असते. या तिसऱ्या मार्गावर मी दोन दिवस विचार केला आणि तोवर गोळ्या घेत राहिलो. त्याच्या पलंगावरची गादी उन्हात टाकली, गोधडी काढली, त्याला आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी कुटली.

गुरुवारी दवाखान्यात गेलो, तेव्हाही मी ठरवलेले नव्हते.

आधी झुंबरने मोजले. त्याने पट्टा काढला, पुन्हा बांधला, पुन्हा मोजले आणि आत गेला. डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. चौऱ्याण्णव, छप्पन.

"आत या. सावकाश." त्यांनी मला खुर्चीवर बसवले. रजिस्टर उघडले. त्या सकाळच्या नोंदीत एकशे बावन्न होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, रजिस्टरकडे पाहिले आणि मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अहो, मशीन! तुमचं मशीन बिघडलंय काका. किती वर्षं झाली त्याला? मी उगाच गोळ्या वाढवत बसले. टाकून द्या ते, नवीन घ्या."

त्यांनी ते कारण माझ्यासमोर आयते ठेवले होते. मला फक्त "हो" म्हणायचे होते.

पण चौतीस वर्षांत मी उपकरण तपासल्याशिवाय त्याला दोष दिला नव्हता. आणि ते मशीन तर रोज सकाळी खरे बोलत होते.

"मशीन बरोबर आहे, मॅडम," मी म्हणालो. "आकडे मी लिहिले."

त्यांना कळले नाही. मी खिशातली चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तारखा जुळवल्या. एकेका ओळीवर त्यांचे बोट थांबत गेले.

"पडलात का कुठं?"

"मंगळवारी. लागले नाही."

"पाण्याची गोळी मी या पानावरून दिली," त्या हळू म्हणाल्या. "हे पान बघून. तुमचं डोकं फुटलं असतं, तर मी योगेशला काय सांगितलं असतं? तुम्ही म्हणजे... मी बाकीच्या पेशंटांना तुमचं उदाहरण देते, काका. का केलंत?"

मी वाक्य तयार करून ठेवलेले नव्हते. "तीन महिने फार लांब होते," मी म्हणालो.

त्यांनी ऐंशीवर काट मारून चाळीस लिहिले, पाण्याची गोळी खोडली, शनिवारच्या अपॉइंटमेंटचा कागद परत घेतला. "घरचं रजिस्टर मला आता नको. दर सोमवारी या. झुंबर मोजेल आणि इथल्या वहीत लिहील. जाताना दार लोटून घ्या."

बाहेर कुसाबाई बसल्या होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी पिशवी बाजूला केली. "बसा. काय झालं?" मी सांगितले. सगळे सांगितले, कारण आता लपवण्यासारखे काही नव्हते. त्यांनी ऐकून घेतले आणि कपाळावर हात मारला.

"अवो साहेब, येवढं मोठं शिकल्यालं माणूस तुमी! हितं बसायला काय बीपी लागतंय व्हय? माझं झाल्यावर बी मी बसते. घरी कोन वाट बघतंय? झेंडू?"

"तुमची सून आहे ना?"

"हाय की. तिच्या मोबाइलमधी." त्या उठल्या, कारण झुंबरने त्यांचा नंबर पुकारला. "पन जीव घालवू नका. माझ्या गोळ्या कोन कापील?"

संध्याकाळी योगेशला फोन केला. जे डॉक्टरांना सांगितले, तेच सांगितले. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग तो म्हणाला, "अण्णा, मी साहेबांपुढं हात जोडून रजा घेतली. इथं लाइन बंद पडायची वेळ आलीय."

"हो. चुकले माझे."

"म्हणजे तब्येत ठीक आहे?"

"ठीक आहे."

"आणि शनिवारचे डॉक्टर?"

"ते रद्द केले."

"मग रजा मागे घेतो. मार्चमध्ये बघू. काळजी घ्या, आणि असं करू नका." त्याने रागावून म्हटले असते, तर मला उत्तर देता आले असते. तो थकलेला वाटला.

त्या रविवारी त्याचा फोन आला, साडेदहालाच. त्याने बीपी विचारले नाही. विचारावे की नाही, याचा त्याला संकोच वाटला असणार. मीही सांगितले नाही, कारण माझ्या आकड्याला आता किंमत नव्हती. तो विषय वगळल्यावर आम्हा दोघांनाही दुसरा सुचेना. फोन दीड मिनिटात संपला.

सोमवारी मी दवाखान्यात गेलो. झुंबरने पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, वहीत लिहिले आणि वही मिटली. आकडा त्याने सांगितला नाही. मी विचारला नाही. थट्टाही त्याने केली नाही, "पुढच्या सोमवारी" एवढेच म्हणाला.

गुरुवारी सकाळी घरात कामे उरली नाहीत, तेव्हा मी हातात काही न घेता दवाखान्याकडे चालत गेलो. कुसाबाई आलेल्या नव्हत्या. त्यांचा गुरुवार पुढचा होता, हे मला माहीत होते. बाकाच्या टोकाला मी बसलो. चार माणसे आली, त्यांचे नंबर लागले, ती आत जाऊन बाहेर आली. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारले, "तुमचा कितवा?" मी म्हणालो, "मला नंबर नाही." त्यांनी जरा सरकून घेतले आणि त्या मोबाइल पाहू लागल्या.

दीड वाजता डॉक्टर बाहेर आल्या. दाराला कुलूप लावताना त्यांना मी दिसलो.

"आज तुमचा वार नाही ना, काका?"

"नाही. नुसता बसलो होतो."

किल्ली हातात घेऊन त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मला वाटले, त्या काही विचारतील. मग "बरं" म्हणून त्या स्कूटरकडे गेल्या. मीही उठलो. खुर्चीतून उठल्यावर दहापर्यंत मोजून मगच पाऊल टाकायचे, असे त्यांनी पूर्वी सांगितले होते. बाकालाही तोच नियम लागू होत असावा. मी दहापर्यंत मोजले आणि घराकडे चालू लागलो.